तळटीपेतलं गाव

माझं पुस्तक छापून आलं तेव्हा मी कॉलेजात पेढे वाटले. पहिल्या शतकातले ख्रिस्ती लोक कोण होते, यावरचा माझा प्रबंध. निम्म्या प्राध्यापकांनी पेढा खाऊन झाल्यावर विषय विचारला, उरलेल्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. जालन्याजवळच्या आमच्या गावातल्या चर्चने मात्र रविवारी सत्कार ठेवला, कारण पुस्तकात गावाचं नाव होतं. ते पान मी तिथे वाचून दाखवायचं होतं.

ते कसं आलं तेही सांगते. सव्वाशे वर्षांपूर्वी विलायतेतल्या एका विद्वानाने आद्य ख्रिस्ती मंडळीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. हिंदुस्थानात तो कधी आला नाही. आमच्या गावच्या पाद्रीसाहेबाची पत्रं वाचून त्याने ठरवलं, की पहिले ख्रिस्तीही असेच असणार. तो ग्रंथ अजून शिकवतात. त्याच्या तळटीपेत आमचं गाव दिसलं तेव्हा मी ग्रंथालयात हरखून गेले होते, आणि ती तळटीप माझ्या पुस्तकात घेतली.

शनिवारी मालनआत्याकडे गेले. माझी ही आत्या ऐंशीची, इंग्रजी येत नाही. म्हणाली, आपल्या माणसांबद्दल काय लिहिलंय ते वाच.

मी वाचून मराठीत सांगू लागले. साहेबाने लिहिलं होतं, दुष्काळात हे लोक धान्यासाठी ख्रिस्ती झाले, त्यांची श्रद्धा पोटापुरती. त्यावरून विद्वानाने अनुमान काढलं, की रोमच्या काळातले गरीबही भाकरीसाठीच आले असतील. हे गाळावं असं मनात आलं, पण तोवर बोलून गेले होते.

आत्या चिडली नाही. "साहेबाच्या कोठीत धान्य कुठून आल्तं? आपल्या बाया सैपाकाआधी एक मूठ ज्वारी प्रभूच्या मडक्यात टाकायच्या. दुष्काळातबी टाकली, माही आजी सांगायची. तीच कोठीत साठली, तीच समद्या गावाला वाटली. साहेब चुलीपाशी कधी आला न्हाई, त्याला काय ठाऊक."

मग माझ्याकडे बघितलं. "पर तू तर मूठ टाकलेली हाय. तू काय लिव्हलं?"

लहानपणी रोज संध्याकाळी ती मूठ मीच टाकायचे. प्रबंध लिहिताना ते आठवलंही होतं. पण आठवणीला पुरावा कोण म्हणतं? साहेबाचं पत्र तारीखवार होतं, छापील होतं. मी शहाणीने लिहिलं होतं, 'हे मत आजही ग्राह्य आहे.' आत्याला ते मराठीत सांगताना मला मान वर करवेना. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आत्याने माझ्या हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "उद्या हे पान वाचू नको. गावातल्या पोरी तुह्याकडं बघून शिकून राह्यल्यात. आपल्या पणज्या पोटासाठी आल्त्या, हे त्यांनी तुह्या तोंडून ऐकू नये."

मी चुकीचं लिहिलं, एवढंच मला उद्या उभं राहून म्हणायचं होतं. त्या पोरींसमोर म्हणायचं होतं. पण मी हो म्हणाले, तेही लगेच.

आत्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि सत्काराला कोणतं लुगडं नेसू, असं विचारलं.