एका वेळी एकच डबा

मेंढ्या व्यायला लागल्या की कोकरांवर टपणारे लांडग्यासारखे कोयोट मारायला मार्वा बापाकडे काडतुसं न्यायला जायची. ओरिन टिबेट्सच्या घरात विकतच्या काडतुसांना मान नव्हता. "ती सगळ्यांसाठी केलेली असतात, म्हणजे कुणासाठीच नाही," असं म्हणून म्हातारा नाक मुरडायचा आणि लेकीच्या बावीस कॅलिबरच्या रायफलीसाठी स्वतः काडतुसं भरायचा.

गोळीच्या वजनावरून बापलेकीचं दर वर्षी वाजायचं. वायोमिंगचा वारा हलक्या गोळीला बाजूला ढकलतो, म्हणून मार्वाला पंचावन्न ग्रेनची हवी असायची. ओरिन चाळीसवर अडून बसायचा.

"अगं, जड गोळी दगडावर आपटली की उडून पलीकडे जाते. पलीकडे कोण असतं? तुझीच कोकरं. हलकीचा तिथल्या तिथं चुरा होतो."

"आणि कोयोट हसत हसत निघून जातो."

"मग येऊ दे ना त्याला जवळ. तुला घाई कसली झालीय?"

या वर्षी ती गॅरेजमध्ये शिरली तेव्हा ओरिन काडतुसं भरायच्या प्रेसखाली शेवटची गोळी दाबत होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला. त्याची बायको थेल्मा गेल्यापासून त्याला एवढं हसताना तिनं क्वचितच पाहिलं होतं. मग तिची नजर बाकावर गेली. तिथं बंदुकीच्या दारूचे दोन डबे होते, दोन्हींची झाकणं उघडी.

एका वेळी एकच डबा, हा या बाकाचा कायदा होता. दारू मोजायच्या नळकांड्यात काय भरलंय ते पाहून कळेलच असं नाही. शेजारी एकटा उभा असलेला डबाच ते सांगतो. लहानपणी मार्वानं दुसरा डबा नुसता जवळ आणून ठेवला होता, तर बापानं तिला महिनाभर गॅरेजबंदी केली होती.

हल्ली तो तेच तेच विचारायचा. तिनं ते वयावर ढकललं होतं.

"चाळीसचीच ना?" तिनं कसंबसं विचारलं.

"चाळीसचीच. कुरकुर नको. आणि उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या परत आण, मागच्या वर्षी दोन हरवल्यास."

घरी येऊन तिनं एक काडतूस उघडलं. रायफलीची दारू बारीक काड्यांची असते. तळहातावर पडल्या त्या चपट्या चकत्या. पिस्तुलाची दारू, भडकन पेटणारी, आणि मोजलेली मात्र रायफलीच्या मापानं. पहिल्याच बारात रायफल तिच्या तोंडावर फुटली असती. तिनं सगळी काडतुसं उघडली. सगळ्यांत तेच होतं, आणि प्रत्येकात अगदी सारखं मोजलेलं. ते सारखेपण बघून तिला रडू आवरेना.

सांगावं कसं? बाक काढून घेतला तर म्हातारा सकाळी उठणार कशासाठी? तिनं गावातून विकतची काडतुसं आणली, त्यांनी कोयोट मारले आणि पुंगळ्या बापासमोर ठेवल्या.

"कशी लागली?"

"एकाच भोकात, बाबा." सगळ्या गोळ्या एकाच भोकातून जाणं, याहून त्या घरात मोठं कौतुक नव्हतं.

ओरिननं चष्मा लावला. एकेक पुंगळी उलटी करून तिचं बूड बघायची त्याची जुनी सवय. बघता बघता त्याचा हात थांबला. बुडातल्या ठिणगीच्या टोपीभोवती लाल रंगाची बारीक रेघ होती, कारखान्यात लावतात तशी.

"मार्वा, मी कधी रंग लावलाय?"

ती पुंगळ्या आवरायला गेली, तर त्यानं तिचा हात धरला.

"माझ्या काडतुसांत काय निघालं?"

"बाकावर दोन डबे होते, बाबा."

ओरिननं हातातली पुंगळी खाली ठेवली. "रायफलीला तुझा गाल टेकलेला असतो," तो म्हणाला.

मग तो उठला आणि दोन्ही डबे घेऊन परसात गेला. जुनी दारू झाडाला खत म्हणून घालायची तिकडे रीतच आहे. थेल्मानं लावलेल्या लायलॅकच्या फुलझाडाच्या बुंध्याशी त्यानं सगळी दारू पसरली. मार्वा मदतीला गेली, तर त्यानं तिला जवळ येऊ दिलं नाही.

"प्रेस घेऊन जा. आजच. मी मागितला तरी देऊ नकोस."

कोकरं मोठी झाल्यावर ती पुन्हा आली. ओरिन गॅरेजमध्ये रिकाम्या बाकाशी बसला होता, प्रेसच्या स्क्रूंच्या भोकांवरून बोट फिरवत.

"आलीस? माझी चाळीसची कशी लागली?"

म्हातारा खोचक बोलतोय, असं तिला आधी वाटलं. पण तो खरोखरच उत्सुकतेनं तिच्याकडे बघत होता.

"एकाच भोकात, बाबा."

"बघ! मी सांगत होतो की नाही! ऐकतेस का कधी तू माझं?" तो खळखळून हसला. "पुंगळ्या आणल्यास?"

मार्वानं खिशातून मूठभर पुंगळ्या काढल्या. त्याला लाल रेघ दिसावी म्हणून तिनं मुद्दाम त्या उलट्या करून त्याच्या तळहातावर ठेवल्या. त्यानं आपलं खोटं पकडावं, पुन्हा एकदा पकडावं, एवढंच तिला हवं होतं.

ओरिननं पुंगळ्या हातात खुळखुळवल्या आणि न बघताच खिशात टाकल्या.