सायप्रसच्या बसमधली मेंढरं

आमच्या ह्यांचा दुबईच्या जबल अलीत मजूर पुरवण्याचा धंदा. दोन हजार एकच्या उन्हाळ्यात फार मिजाशीत मला सायप्रसच्या गाईडेड टूरला घेऊन गेले. तिथली गाईड बाई आम्हाला समुद्रकाठी वीस मिनिटं सोडायची, पडक्या रोमन थिएटरात पंधरा. जेवताना माशाचे काटे काढून होईस्तोवर ती बसच्या दाराशी डोकी मोजत उभी.

दुबईत परतल्यावर शुक्रवारी चार घरची माणसं जमली, तेव्हा ह्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. "आम्ही माणसं की मेंढरं? मी जरा बाथरूमला गेलो, तर सरळ हॉर्न वाजवायला लागली!" सगळे हळहळले. मी भजी तळत राहिले.

शनिवारी सकाळी मला डेंटिस्टकडे सोडताना ह्यांनी वाटेत लेबर कॅम्पवर गाडी थांबवली. मजुरांच्या बसच्या दाराशी उभं राहून, "यल्ला, यल्ला!" अशी घाई करत, चढणाऱ्यांची डोकी मोजली. एक कमी भरला.

"साब, वो बाथरूम गया है," ड्रायव्हर म्हणाला.

ह्यांनी हॉर्नसुद्धा वाजवू दिला नाही. "खलास. बस निकालो," म्हणाले, आणि त्याचा खाडा मांडला.