नवसाचा हिरवा मांडव

नवस बोलली ती गंगाबाईच, आणि तोही भर कीर्तनात, सगळ्या गावादेखत.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. आर्वीपलीकडच्या डोंगरातलं सालईटेक, तिथला दत्तजयंतीचा सप्ताह. एरवी या सप्ताहाची रीत अशी, की घरागणिक सागाची एक मेढ आणि हिरव्या फांद्यांचा एक भारा जंगलातून यायचा. मांडव असा गच्च भरायचा, की आत बसलेल्याला बाहेर ऊन आहे याचा विसर पडावा. पण त्या साली डोंगरावर हिरवं होतंच काय? साग भर पावसाळ्यात पानं टाकून उभे होते. देवापुढं भाड्याचं कापड ताणलेलं. अभंग रंगात आला, गंगाबाईच्या डोळ्यांना धार लागली, आणि टाळ छातीशी धरून ती उभीच राहिली.

"देवा, औंदा नाई तं नाई! पाऊस पाड, तुले दुप्पट हिरवा मांडव घालू आम्ही!"

गावानं असा जयजयकार केला, की कापड हललं.

देवानं ऐकलं. यंदा पाऊस मनासारखा झाला. नाले वाहिले, कपाशी कमरेला लागली, डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत हिरवा झाला. आणि सप्ताह उंबऱ्याशी आला, तेव्हा तीच गंगाबाई कुमरे, गावाच्या वनसमितीची अध्यक्षा, मंदिराच्या पारावर सांगू लागली, "औंदा एकाही झाडाले कोयता लावाचा नाई."

पारावर हसू पसरलं.

"नवस बोलताना आवाज तं लय मोठा होता, वहिनी," प्रभाकरराव म्हणाले. किराणा दुकानाचे मालक, सप्ताहाचे पुढारी, आणि बोलायला तिखट. "दुष्काळ होता तवा म्हणे तोडू नका. आता पाणी पडलं तरी तोडू नका. मंग तोडाव कवा? आमी मेल्यावर?"

"भाऊजी, झाडं अजून सावरली नाईत."

"डोळे उघडून पाहा ना! कशी हिरवी झाली हायेत!"

त्यांच्या बायकोचा, प्रमिलाबाईचा, प्रश्न मात्र चेष्टेचा नव्हता. "गंगा, आमाले तू थांबवशील व. पण देवाले काय सांगशील?"

हे मात्र वर्मी लागलं. कारण तिला तोच प्रश्न पडला होता. जंगलात शिरू द्यायचं नाही, हे समितीच्या हातात होतं. दिलेला शब्द मात्र समितीच्या हातात नव्हता. शब्द मोडला तर कोणत्या तोंडानं टाळ घेऊन कीर्तनाला उभं राहायचं? आणि कीर्तनाशिवाय गंगाबाई म्हणजे भाकरीशिवाय पिठलं.

तिनं काही हट्टानं पाय रोवला नव्हता. पावसाळा सरताना गस्तीवर गेली, तेव्हा खोलगटातला एक मोठा साग आडवा पडलेला दिसला. वारं नाही, वादळ नाही, अंगावर पानंही हिरवीच. वाट मोकळी करायला तिच्या नवऱ्यानं, सोनबानं, खोड कापलं, आणि दोघं त्या कापाकडं बघतच बसले. झाड सालोसाल अंगाभोवती एकेक वळ चढवत वाढतं. गाभ्याकडचे वळ बोटाएवढे रुंद, निवांत. सालीजवळ आल्यावर मात्र दोन वळ असे, की जणू सुताचे दोन धागे. ते दुष्काळाचे. त्यांच्या बाहेरचा, अगदी सालीला चिकटलेला वळ या पावसाचा. तोही धाग्याएवढाच! आणि मधून मधून किड्यानं पोखरलेली भोकं.

"हे काऊन असं? औंदा तं पाणी होतं," ती म्हणाली.

सोनबानं सालीवरून हात फिरवला. "ताप उतरला. पण अंगात ताकद कुठं हाय? होती नव्हती ती पानं फुटाले लागली. किडा आला तं झुंजाव कायनं?"

तेव्हापासून तिला डोंगराचा हिरवेपणा बघून आनंदही व्हायचा आणि धास्तीही वाटायची.

सप्ताहाचं कीर्तन यंदा वडनेरच्या जागृतीताईंचं. वय कोवळं, पण आवाज असा की मृदंगानं मागं सरून वाट द्यावी. त्या गंगाबाईकडं चहाला आल्या. चुलीपुढं बसूनच गंगाबाईनं मनातलं सांगून टाकलं.

"ताई, नवस मागं घेता येते का?"

"नाही, मावशी."

गंगाबाईची मान खाली गेली. जागृतीताईंनी बशी खाली ठेवली.

"पण मला सांगा, बोललात कशासाठी?"

"झाडं तडफडत होती व, दुसरं काय! आमच्या पाच पिढ्या त्यांच्याच खाली गेल्या. मोहाच्या फुलावर माह्या सासूनं पोरं जगवली."

"मग ज्यांच्यासाठी देवाला हाक मारली, त्यांनाच कापून ते फेडायचं?"

चहा ओतताना गंगाबाईचा हात मध्येच थांबला आणि चेहरा हळूहळू असा उजळला, की सोनबानं दारातून विचारलं, "काय झालं व?"

सकाळी माणसं कोयते, कुऱ्हाडी घेऊन डोंगराच्या वाटेला लागली, तर गंगाबाई पुढं बसलेली. मांडीवर त्या सागाची परातीएवढी चकती.

"वहिनी, उठा," प्रभाकरराव म्हणाले. "तमाशा नको."

"हात लावून पाहा, मंग उठतो."

ते कुरकुरत वाकले. बोट गाभ्यापासून बाहेर निघालं आणि सालीजवळ थबकलं.

"हे दोन दुष्काळाचे?"

"हाव."

"आन हे या पावसाचं? हे बी असंच?"

"तेच म्हणून राह्यली मी! भाऊजी, मागं तुमाले टायफाइड झालता. ताप गेला त्या दिवशी वहिनीनं तुमच्या पाठीवर साखरेचं पोतं देल्लं काय?"

"पोतं?" प्रमिलाबाई मागून म्हणाल्या. "मी तं यायले पाण्याचा तांब्या उचलू देल्ला नाई! आन हे पडल्या पडल्या मलेच ऑर्डरी सोडून राह्यले होते."

सगळे हसले. प्रभाकररावही हसले, पण बोट वळावरून काढलं नाही. "अन् नवस?"

"फेडू ना! काल्याचं कीर्तन डोंगरावर करू. मांडव कापून देवाकडं नेण्यापरीस देवाले मांडवात नेऊ."

"वीणा भुईले टेकवता येत नाई. सप्ताह उठेपर्यंत हातात पायजे. चढ पाह्यला काय?"

"माह्या गळ्यात द्या."

"तुमच्या एकटीच्या काऊन?" प्रभाकररावांचा आवाज चढला. "पुढारी मी हावो का तुमी?"

कुऱ्हाडी घरी परत गेल्या.

काल्याच्या दिवशी दिंडी गावाला वळसा घालून मंदिराकडं न येता थेट डोंगराला लागली. वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जात राहिली. सुराला खंड नाही, वीणेच्या भोपळ्याला माती लागली नाही. खडी चढण प्रभाकररावांनीच धरली. धाप लागली, तरी कुणाला देईनात. म्हाताऱ्यांना पोरांनी पाठंगुळी घेतलं. दहीहंडीचा दोर बांधताना गंगाबाईनं खोडाभोवती आधी पोत्याची घडी लावायला लावली.

"झाडाले गुदगुल्या होतीन म्हणून का, काकू?" कुणीतरी ओरडलं.

"तुह्या कमरेले बांधू मंग?"

मोहाच्या आणि सागाच्या सावलीत सगळं गाव मावलं, आजूबाजूच्या गावांतले लोकही मावले. जागृतीताईंनी चकती हातात उंच धरली. "या बारीक रेघा बघा. या साली हे झाड जवळजवळ वाढलंच नाही. पण उभं राहिलं, पाखरांना जागा दिली, तुम्हाला सावली दिली. सुखाच्या दिवसांत कुणीही वाढतं, मायबाप! अशा दिवसांत जे तग धरतं, त्याच्यापुढं मी हात जोडते." आणि त्यांनी खरंच, देवाला नमस्कार करून झाल्यावर, वळून भोवतीच्या झाडांना हात जोडले. मागोमाग अख्ख्या गावाचे हात वर गेले. टाळ असे कडाडले, की गंगाबाईच्या अंगावर काटा आला. तिनं पदर खोचला आणि जन्मात नाचली नसेल अशी नाचली. गोंडांची लेक ती, पावलं काही वारकऱ्यांची पडेनात, ढेमसा नाचाची पडली. कुणालाही ते वावगं वाटलं नाही.

काला वाटताना शेजारच्या गावचे तानबा प्रभाकररावांना विचारत होते, "एवढा मांडव कोणं घातला, शेटजी?"

"घातला नाई, राखला," प्रभाकरराव छाती काढून म्हणाले. "आमच्या गंगाबाईनं. आन मी बी होतो."

तानबा तिच्याकडं आले. त्यांच्या डोंगरावरचे सागही शेंड्याकडून वाळत चालले होते, आणि लोक सरपणासाठी ते तोडत सुटले होते. "आमच्या गावात येऊन समजावाल का, बाई? आमचं कोणी ऐकून नाई राह्यलं."

गंगाबाईनं हाताला लागलेलं दही पदराला पुसलं.

"येईन ना. पण नुसती सभा ठेवसान तं नाई येणार," ती म्हणाली. "पहिले कीर्तन ठेवजा."