फेनविकच्या जेवणघरातली वाट

"मिस्टर फेनविक, रविवारी आम्ही चिखलाचे बूट घालून तुमच्या जेवणाच्या टेबलाला वळसा घालून गेलो तर चालेल ना?"

हा प्रश्न भर ग्रामसभेत विचारायची पैज माझ्या मैत्रिणी ब्रायनी आणि टिली यांनी माझ्याशी लावली होती. ऐनवेळी हेट्टी गिटिन्सची तंतरणार, अशी दोघींची खात्री होती. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात 'हजर' म्हणायलाही घाबरायचे, त्यामुळे त्यांचंही काही चुकलं नाही. पण यंदाची हेट्टी वेगळी आहे. मी उभी राहिले आणि खणखणीत विचारलं. सभागृहातला कपबश्यांचा आवाज थांबला.

"कोण आहे ही मुलगी?" फेनविकने अध्यक्ष मिस बीडलना विचारलं.

"तुम्ही ज्याला दारुडा म्हणालात ना, त्याची मुलगी," मीच सांगून टाकलं.

हे दारुड्याचं प्रकरण असं. आमच्या हॉपवर्डीन गावातल्या निम्म्या पोरांना माझ्या बाबाने शाळेत पोचवलंय. शाळेची बस तोच चालवायचा, आणि वर गाणीही म्हणायचा, अत्यंत बेसूर. गेल्या हिवाळ्यात त्याला पक्षाघाताचा झटका आला. आता डावा पाय ओढत चालतो, शब्द तोंडातच घोळतात. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. आमचा रस्ता अरुंद, ट्रॅक्टर अगदी अंगाला घासून जातात. म्हणून बाबा प्रीसबाईंच्या शेताच्या कडेने, कुंपणाला धरून जाणाऱ्या वाटेने चालायचा. सपाट, गवताची वाट. मध्ये चढून ओलांडायला एकही पायरी नाही.

मग प्रीसबाई वारल्या आणि लंडनहून आलेल्या फेनविकने ते घर आणि शेत विकत घेतलं. एका सकाळी त्याने खिडकीतून बाबाचा व्हिडिओ काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "भल्या सकाळी झोकांड्या खाणारा दारुडा माझ्या रानात घुसला आहे. सावध राहा."

बाबाने तो पाहिला. एकदाच पाहिला, आणि फोन उलटा ठेवला. लोकांनी लगेच फेनविकला खरं काय ते कळवलं, त्याने व्हिडिओ काढून टाकला, पण त्याबद्दल चकार शब्द नाही. बाबा मात्र त्या दिवसापासून घराबाहेर पडला नाही. आवाज बंद करून टीव्हीवर स्नूकर बघत बसतो. आई बाथरूममध्ये नळ सोडून रडते. मला रडू येत नव्हतं. मला फेनविकला रडवायचं होतं.

संधी त्यानेच आणून दिली. कुंपणाकडच्या वाटेवर त्याने काटेरी तार ठोकली आणि पाटी लावली: 'खासगी जागा. फक्त नकाशावरच्या वाटेने चाला.'

पाटी वाचून आधी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग मला इतकं हसू फुटलं, की टिलीला वाटलं मला काहीतरी झालंय.

कारण सरकारी नकाशावरची, म्हणजे कुणालाही चालायचा हक्क असलेली वाट कुठून जाते, ते आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ती प्रीसबाईंच्या मागच्या अंगणातून जायची, स्वयंपाकघराच्या दाराला चिकटून. बाई भांडी घासताना त्यांच्या खिडकीसमोरून जाणं बरं दिसत नाही, म्हणून लोक आपणहून कुंपणाकडून जायला लागले. मात्र मे महिन्यात एकदा सगळं गाव मिळून गावातली एकूण एक वाट चालतं. चालली नाही की वाट मरते, असं आमच्याकडे म्हणतात. त्या दिवशी आम्ही बाईंचं दार वाजवायचो, अंगण ओलांडायचो, बाई आल्याचा केक द्यायच्या. बाकी वर्षभर कुंपण. हे ना कुणी ठरवलं होतं, ना कुणी कुठे लिहिलं होतं.

आणि फेनविकने काय केलं? नेमकं त्या अंगणावर काचेचं जेवणघर बांधलं! अख्खा उन्हाळा गावाने ते बांधकाम पाहिलं. एक माणूस बोलला नाही.

"पण मला कुणी सांगितलं का नाही?" ग्रामसभेत सगळा उलगडा झाल्यावर फेनविक ओरडला. त्याचे कान बीटासारखे लाल झाले होते.

"आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीतच असणार," मिस बीडल म्हणाल्या. "आणि तुम्ही इतक्या हौसेने बांधत होतात. मध्येच टोकणं कसंतरीच वाटलं."

"मी ती तार काढतो, मग तर झालं?"

"नको नको," मी म्हटलं. "तुमची पाटी फार छान आहे. आम्ही तिचं अक्षरशः पालन करू."

मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. मिस बीडलनी हसू चहात लपवलं आणि फेनविकला समजावलं, की सरकारी वाट अडवणं हा गुन्हा आहे, तेव्हा दोन्ही बाजूंची दारं उघडी ठेवलेली बरी.

रविवारी आम्ही तिघी गेलो. मुद्दाम गोठ्याकडून, म्हणजे बुटांना नुसती माती लागू नये. सोबत टिलीचा कुत्रा बिस्किट. काचेच्या खोलीत फेनविकचे पाहुणे भाजलेल्या कोकरावर ताव मारत होते.

"माफ करा हं," मी म्हटलं, "आम्ही फक्त नकाशावरच्या वाटेने चालतोय."

"अगं, बूट तरी काढा!" त्याची बायको किंचाळली.

"वाटेवर कुणी बूट काढतं का, बाई?" ब्रायनीने अगदी निरागसपणे विचारलं.

आम्ही टेबलाला वळसा घातला. हळू, लग्नाच्या वऱ्हाडासारख्या. बिस्किटने एका पाहुण्याच्या मांडीवर पुढचे पाय टेकले आणि त्याच्या ताटातला बटाटा उचलला. "जाइल्स, हे काय चाललंय?" पाहुण्याने फेनविकला विचारलं, आणि त्याला सगळ्यांसमोर काहीच सांगता येईना. तोंड उघडायचा, मिटायचा. घरी बसलेल्या माझ्या बाबासारखंच. तो क्षण मी चवीचवीने खाल्ला. आईशप्पथ सांगते, कुठल्याही केकला ती चव नाही.

दोन दिवसांनी फेनविक आमच्या दारात. हातात काय, तर वाइनची बाटली. ज्याला दारुडा म्हणाला त्याच्या घरी! आईने त्याला बसवलं. तो सगळं आईशीच बोलला. कुंपणाकडची वाट कायमची सरकारी करून देतो, जेवणघरातली रद्द करून घेतो, अर्ज तयार आहे. फक्त गावातून कुणी हरकत घ्यायची नाही, कारण एक हरकत आली तरी प्रकरण वर्षानुवर्षं लटकतं. मग तो बाबाकडे वळला आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाला, "गैर-समज... झाला. बरं... का?"

बाबाने बाटलीकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर.

तो गेल्यावर आई म्हणाली, "हेट्टी, आता मिटव बाई. वाट परत मिळतेय ना? अजून काय हवं?"

"वाट... तर... मिळते," बाबा म्हणाला. पण म्हणताना खाली बघत होता. त्याच वाटेवरून, व्हिडिओ काढला त्याच खिडकीसमोरून, मान खाली घालून तो चालतोय, असं मला डोळ्यांसमोर दिसलं. आणि असं चालण्यापेक्षा तो त्या दिशेला पाऊलही टाकणार नाही, हेही कळलं.

"त्याने माफी मागितली, गं," आई म्हणाली.

"ती माफी होती? माझ्या बाबाशी तो कुत्र्याला हाड म्हणतात तसं बोलला. बिस्किटशी मीसुद्धा यापेक्षा नीट बोलते."

बाबाच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"मग करणार काय तू?" आईने कपाळाला हात लावला.

मी उठून टीव्ही बंद केला आणि दोघांच्या समोर उभी राहिले.

"मी हरकत घेणार. तो कितीही वेळा आला, गुडघे टेकून रडला, तरी मागे घेणार नाही. आणि बाबा, त्याच्या जेवणघरातली फरशी गुळगुळीत आहे, धरायला खुर्च्या आहेत. उद्यापासून तू तिथूनच चालायचं. रोज. ऐन त्याच्या जेवणाच्या वेळेला. मी येणार आहे तुझ्याबरोबर."