यादीत नसलेलं घर

द्रावा नदीकाठच्या त्या गावात थंडी सरताना येणाऱ्या पुस्तच्या सणाला आठवडा उरला, की नांगरकऱ्यांची बैठक स्लावेकच्या स्वयंपाकघरात भरायची. घंटा बांधलेले, मेंढीचं कातडं पांघरलेले कुरेंत नावाचे सोंगाडे थंडीला हाकलणार आणि त्यांच्यामागून स्लावेकची मंडळी लाकडी नांगर ओढत अंगणाअंगणात फेरी मारणार. नांगर फिरला, की त्या घराचं वर्ष भरभराटीचं जाणार!

यंदाही घरांची यादी झाली. मंडळीतल्या फ्रान्चेकने विचारलं, "आणि शेवटचं? आयशाबाईंचं?"

"त्या बोस्नियाच्या. त्यांना आपल्या सणाचं काय?" स्लावेकने यादी घडी करून खिशात घातली. दर वर्षी तो हेच म्हणायचा. आयशाला त्याच्या कुंपणापलीकडे राहायला येऊन एकोणीस वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी तो करवत घेऊन नासपतीच्या झाडावर चढला. वडिलांनी कलम केलेलं झाड, पण तीन वर्षांत एक फळ नाही. आता मोठ्या फांद्याच उडवायच्या, असं त्याने ठरवलं होतं.

"अहो भाऊ, थांबा!" कुंपणापलीकडून आवाज आला. आयशा हातातली कात्री तशीच उंचावून ओरडत होती. "ती जाड फांदी कापाल, तर झाड आणखीच बिथरेल!"

"मग काय करू? पूजा?"

"आधी खाली उतरा. घसराल."

ती फाटकातून आत आली. काठीसारखे सरळ वर गेलेले कोंब तिने बुडापासून काढायला लावले, काही फांद्या दोरीने ओढून आडव्या बांधल्या. "आता यांना फुलं धरतील. काप तिरका द्या, कोंब फुटतो त्या, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर. आणि पीचला एवढ्यात हात लावू नका, कळ्या फुगू देत. तुम्ही दर वर्षी घाई करता."

"तुम्ही बघत होता?"

"एकोणीस वर्षं! बोलायची हिंमत आज झाली."

स्लावेक खजील होऊन घरात आला. त्याची आई तिल्चका चुलीजवळ बसून वाळलेला मटार निवडत होती. त्याने सगळं सांगितलं.

"हुशार आहे ती," आई म्हणाली. "आणि तू तिचं घर गाळतोस."

"अगं, रीत आहे आपली."

"रीत काय आहे? थंडी हाकलायची, ती काय फक्त आपल्या अंगणातून? तिच्या वाफ्यात बर्फ पडत नाही? बरं, पुस्तच्या संध्याकाळी तू जे गोड, फुगीर क्रोफ खातोस, ते कोण तळतं?"

"तूच की."

"माझी ही बोटं बघ! सहा वर्षं झाली, पीठ मळता येत नाही. आयशा तळते, नांगर येईल म्हणून. तो येत नाही, मग अंधार पडला की ताट इकडे आणून देते. मागच्या वर्षी तू एकट्याने सात खाल्लेस!"

स्लावेकने खिशातली यादी काढून पुन्हा वाचली.

पुस्तच्या मंगळवारी यादीतली सगळी घरं झाली. मंडळी परत वळणार, तोच स्लावेकने हातातला चाबूक कडाडवला. "पुढे चला!"

"पण यादीत..." फ्रान्चेक म्हणाला.

"यादी मी केली होती, आणि मीच चुकलो! चला!"

काय तो दणदणाट! कुरेंत उड्या मारत फाटकातून घुसले, घंटांनी खिडक्या थरथरल्या. आयशा दारात आली, ओच्यासारखा धरलेला ॲप्रन तिच्या हातून सुटला, आतली अंडी गडगडली. पुढच्या क्षणी ती ओरडली, "अहो, तिकडून नको! तिथे माझा लसूण आहे!"

सगळे खो-खो हसले. नांगराने लसणाला वळसा घालून फेरी पूर्ण केली. स्लावेकने फितींची टोपी काढली. "ताई, चुकलो. फार उशीर झाला."

आयशाने डोळे पुसले आणि सणाच्या रीतीप्रमाणे तोच रुमाल पुढच्या कुरेंताच्या पट्ट्याला बांधला. "उशीर झालाच आहे. आता क्रोफ तरी गरम खा."

पुढच्या शनिवारी तिच्या अंगणात अर्धं गाव कात्र्या घेऊन छाटणी शिकायला जमलं. सर्वांत जास्त प्रश्न स्लावेकच विचारत होता.

मंडळी, आपल्याही सणांच्या याद्या असतात. कुणाला बोलवायचं हे ठरवताना आपण कुणाला सहज गाळतो, तेही एकदा तपासून पाहू या. जो सण शेजाऱ्याच्या दारावरून पुढे निघून जातो, तो अर्धाच साजरा होतो. आणि ते दार ठोठावायला कुठलंही वर्ष उशिराचं नसतं!