गार लोखंडाचा विस्तव

आमच्या सुनेला एक वाईट खोड आहे. काहीही संपलं, की विचारते, "गेलं कुठं?" चहा निवला, तर त्यातली ऊब कुठं गेली म्हणे. म्हटलं, "तुझ्या माहेरी गेली." तर म्हणते, "नाही सासूबाई, खोलीत गेली. नाहीसं काहीच होत नाही, नुसती जागा बदलतं." दोन बुकं शिकली की माणसाला असं होतं.

लेकाचा खांदा निखळला आणि आमची लोहारभट्टी महिनाभर गार पडली. शेवटी त्यानं ऐरणीला गिऱ्हाईक बघितलं. ही म्हणाली, "विकू नका. घाव मी घालते." लेक हसला. मी हसले नाही, पण मनात म्हटलं, हिची जिरवायची. गिऱ्हाईक यायच्या दिवशी सकाळीच घरातल्या दोन्ही काडेपेट्या बटव्यात टाकल्या आणि तिला म्हटलं, "तो यायच्या आत भट्टी पेटव. पेटली तर ऐरण तुझी."

तिनं फळ्या धुंडाळल्या, मग माझ्या बटव्याकडे पाहिलं. मागितलं मात्र नाही. खिळ्याएवढी बारीक सळई घेतली, ऐरणीवर टेकवली आणि भराभर ठोकत सुटली. घाव, सळई फिरव, घाव.

"गार लोखंड बडवून काय कपाळ पेटणार?"

तिनं घावांचा वेग वाढवला. तेव्हा मला धास्ती वाटली.

टोक चपटं झालं, काळवंडलं, आणि बघता बघता लाल झालं. तिनं ते सुतळीच्या पिंजलेल्या धाग्यांत खुपसून फुंकर घातली. आधी धूर, मग ज्योत. पेटते धागे तिनं भट्टीत कोळशाखाली सारले.

चाळीस वर्षं या भट्टीशेजारी काढली मी. विस्तव काडीत असतो, कोळशात असतो, एवढंच मला ठाऊक. तो माणसाच्या दंडातून लोखंडात उतरतो, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. दंडात तो आला कुठून? सकाळच्या घासातून. घासात? शेतातल्या उन्हातून. म्हणजे ऊनच एवढं फिरून आमच्या भट्टीत आलं होतं. वाटेत सांडलं असेल, तेही कुठंतरी असणारच.

गिऱ्हाईक दारात उभं राहिलं. लेक माझ्या तोंडाकडे बघू लागला. मी सुनेकडे वळले.

"ऐरण तुझी. पण मधले चार घाव तिरके पडले, ते मी मोजलेत. उद्यापासून माझ्यादेखत ठोकायचं."