अभ्यास शनिवारी

मी पांढरा फळा. ओहायोतल्या कोलंबसमध्ये, डार्ला हॅगर्टीच्या फ्रिजला चिकटून बोलतोय. कारखान्यात वाटलं होतं, शाळेत जाईन, चार मुलांना शहाणं करीन. नशिबी स्वयंपाकघर आलं.

डार्ला दवाखान्याच्या स्वागतकक्षात काम करते. तरुणपणी सुटलेली कॉलेजची पदवी तिला पुरी करायची होती. राहिला होता फक्त इतिहास. वर्गात न बसता एक परीक्षा द्यायची, पास झालं की त्या विषयाचं क्रेडिट मिळणार, म्हणजे तो विषय पुरा झाला असं कॉलेज धरणार. पदवी हातात आली तर ती स्वागतकक्षाची प्रमुख होणार, नाहीतर ती जागा बाहेरच्या कुणाला तरी जाणार.

म्हणून मी आलो, सोबत रंगीत मार्कर. हिरवा वाचनाला, निळा उजळणीला, लाल सराव परीक्षेला. जांभळा कशाला ते तिलाही ठाऊक नव्हतं, पण सर्वांत आधी तोच संपला. रोज संध्याकाळी ती माझ्यावर चौकोन आखायची आणि आखून इतकी दमायची की पुस्तक उघडायला जीवच उरायचा नाही. मग माझा फोटो मैत्रिणींना पाठवायची. त्या वाहवा करायच्या आणि हिला अभ्यास झाल्यासारखं वाटायचं.

राहिलेलं सगळं ती शनिवारी ढकलायची. आता तुम्हीच सांगा, फुटबॉलच्या दिवसांत आमच्या गावात शनिवारी कोण अभ्यास करतं? सकाळपासून चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं तिखट कालवण, शिजत असते, शेजारीपाजारी येऊन सोफा अडवतात. सामना शनिवारीच असतो; गावची टीम जिंकली तर आनंदात दिवस जातो. हरली तर पुस्तकाचं नाव काढायची कुणाची छाती होत नाही.

लाल चौकोन मात्र दर आठवड्याला पुढे सरकायचा. तिचा नवरा कर्ट येताजाता विचारायचा, फळा झाला, आता भिंतीही रंगवणार का? परीक्षा महिन्यावर आली तेव्हा त्याने फडकं घेतलं आणि मला साफ पुसून टाकलं. मला भयंकर राग आला.

"तुला वेळ मिळत नाही असं नाहीये, डार्ला. तुला भीती वाटतेय," तो म्हणाला.

तिने हातातल्या मार्करचं टोपण घट्ट लावलं. "तेव्हा पोर झालं म्हणून कॉलेज सोडलं असं सांगता आलं. आता नापास झाले तर काय सांगू?"

"बस इथे. मी प्रश्न वाचतो."

सराव परीक्षेत ती आपटली. थोडी रडली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं यापेक्षा वाईट होईल." निदान कच्चं काय आहे ते कळलं होतं, आणि ती तेवढंच वाचायला लागली. जेवणाच्या सुट्टीत वाचायची, कपडे धुवायला टाकून वाचायची. शनिवारी सामना रंगलेला असताना गाडीत जाऊन बसायची. शेजाऱ्यांना वाटलं, नवराबायकोचं बिनसलंय. मी कोराच राहिलो, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार लागलं.

परीक्षेच्या दिवशी ती घरी आली. निकाल तिथल्या तिथेच मिळाला होता. पर्समधून निकालाचा कागद काढला आणि चुंबक लावून माझ्या तोंडावर चिकटवला. कर्टने तो मोठ्याने वाचला: पास. तो एवढा मोठा माणूस, पण ओट्याशी जाऊन नाक ओढत राहिला, ते मला ऐकू आलं.

तेव्हापासून मला काही दिसत नाही. पिझ्झाचं कूपन असतं तर मी कुरकुर केली असती. हा कागद राहू द्या. इतक्यात काढू नका.